चुंबळीची उशी

कंपाउंडरनं कात्री पुढं केली तशी सुंदरबाईनं दोन्ही हात कानशिलांवर घट्ट दाबले. तिला दिसत काहीच नव्हतं, पण कात्री उघडल्याचा आवाज बरोबर ऐकू आला होता.

"नाई," ती म्हणाली. "मले नाई पाह्यजे तुमचे डोळे."

धर्मशाळेच्या ओसरीत आपल्या नंबराची वाट पाहत बसलेल्या बायकांनी आवाजाच्या दिशेनं माना वळवल्या. कारंजा गावात त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. सन सत्तावन सरत आलं होतं. नागपूरहून डॉक्टर आले होते, मोतीबिंदू फुकट काढणार होते, आणि गावातल्या सेवा मंडळानं धर्मशाळा चुन्यानं रंगवून, फिनेल टाकून तिचा पार दवाखाना करून टाकला होता. दीड-दोन दिवस बैलबंडीत बसून लोक येत होते. अशा ठिकाणी येऊन कोणी डोळे नको म्हणेल हे मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

मंडळाचे चिटणीस उकंडराव धावत आले. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करणारा हा माणूस सेवेतही कारकूनच होता.

"अवं बाई, दागिना कोनी खाऊन नाई टाकत. डबीत ठेवतो. चिठ्ठी लावतो तुह्या नावाची."

"चोरीचं भेव नाई तिले," दारातून भारदस्त आवाज आला. सुंदरबाईचा मोठा दीर, तांड्याचा नाईक रतनसिंग, लाल पागोटं सावरत आत आला. आसेगावकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून त्यानंच तिला बंडीत घालून आणलं होतं. "आमच्यात नवरा मेला म्हंजे घुगरी उतरते, सायेब. त्याच्याआंधी नाई. तिचा नवरा हा पाहा, जितता-जागता उभा हाय."

मागं उभ्या असलेल्या सेवालालनं, आपण जिवंत असल्याची माफी मागावी तशी मान खाली घातली.

घुगरी म्हणजे चांदीचे गोंडे. लग्न झाल्यावर दोन्ही कानशिलांजवळच्या वेणीत ते असे गुंफायचे, की गालांवर लोंबत राहतात. सुंदरबाईच्या कानशिलांवर ते अठ्ठावीस वर्षं होते. त्यांतली शेवटची सहा वर्षं तिला स्वतःला ते दिसत नव्हते, नुसते गालाला लागत होते.

डॉक्टर तरुण होते आणि दमले होते. त्यांनी चिडचिड केली नाही, सरळ हिशेब मांडला. "पट्टी दोन्ही डोळ्यांवरून डोक्याभोवती बांधायची असते. कानशिलावर चांदी असली तर ती बसणार नाही. आणि बसली तरी पुढं सात दिवस उताणं पडून राहायचं आहे. डोकं जरा हललं की डोळा गेला. चांदी टोचायला लागली तर कोण स्थिर राहील? त्यांची इच्छा नसेल तर पुढचा पेशंट घ्या."

सुंदरबाई उठली. आधारासाठी हात पुढं केला तो कापसाच्या बोळ्यांनी भरलेल्या परातीवर पडला. परात धरून अमीनाबी उभी होती.

अमीनाबी म्हणजे गफ्फार पिंजाऱ्याची बायको. मंडळानं गफ्फारकडं स्वच्छ कापूस मागितला, त्यानं आनंदानं दिला, आणि पहिल्या दिवशी गाठोडं पोचवायला ती आली. पाहते तर मंडळाची शिकलेली माणसं डोळ्यावर ठेवायच्या घड्या ज्वारीच्या भाकरीएवढ्या जाड करत होती. तिला ते पाहवेना. ती खाली बसली आणि करायला लागली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी उकंडरावांनी स्वयंसेवकाची निळी फीत तिच्या हातात ठेवली. त्या संध्याकाळी ती नेहमीच्या गल्लीनं घरी न जाता फीत खांद्यावर लावून बाजारातून गेली. गफ्फार म्हणाला, "अब तो सरकार हो गई तू." तिनं त्याला झिडकारलं, पण फीत रात्रीपर्यंत काढली नाही.

आता तिनं सुंदरबाईचा हात परातीवरून उचलून आपल्या हातात घेतला.

"डाक्टरसाब, हिचा नंबर उद्यावर ठेवा."

"कशासाठी?"

"घुगरी डोक्यातच राहीन आन तुमची पट्टीबी बसंन. मी करून देते."

"ह्या पिंजारणीचं काय आयकता, सायेब!" उकंडराव उसळले. "आन डोळा गेला तं? नाव मंडळाचं खराब होईन."

"गेला तं माह्या माथी," अमीनाबी म्हणाली.

डॉक्टरांनी वहीत सुंदरबाईचा नंबर उद्यावर टाकला. आजवर अमीनाबीनं गादी-रजईशिवाय कशाची हमी दिली नव्हती. गादी बिघडली तर उसवून पुन्हा भरता येते.

घरी आल्या आल्या तिनं गफ्फारला उशी करायला बसवलं. नेहमीची नाही. बाया डोक्यावर घागर ठेवायला कापडाची चुंबळ करतात तशी, गोल आणि मधे भोक असलेली.

"ऐसी कोन उशी करता? लोगां हसेंगे," गफ्फार म्हणाला.

"हसू दे. डोकं ह्या गोलात बसंन. केसाचा अंबाडा, चांदी, सारं त्या भोकात लोंबंन. टोचनार बी नाई आन मुंडकं इकडंतिकडं लुढकनार बी नाई."

गफ्फारनं थोडा विचार केला आणि खुंटीवरून कापूस पिंजायची कमान उतरवली. नवा कापूस मऊ पडतो, पण दबतो. नुसता जुना भरला तर दगडासारखा होतो. दोन्ही मिसळून पिंजायचे, हे तिनं सांगायच्या आधीच त्याच्या हातांना कळलं होतं. कमानीची तार तुंई तुंई वाजत राहिली आणि दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

सकाळी धर्मशाळेच्या मागच्या उन्हात तिनं सुंदरबाईला पुढ्यात बसवलं आणि केस सोडायला घेतले. अट एकच होती. घुगरी क्षणभरही केसांपासून वेगळी होता कामा नये. म्हणून एक पेड सोडायचा, दुसरा धरून ठेवायचा, चांदी इंचाइंचानं कानशिलावरून डोक्यामागं न्यायची आणि तिथं पुन्हा गुंफायची. सुंदरबाईचा एक हात सारा वेळ घुगरीवर होता. मध्येच ती म्हणाली, "तुहे हात कापसावानी हायेत."

"कापसातलेच हायेत, माय. हलू नको."

पुरत्या दोन तासांनी दोन्ही गोंडे मागं टाळूखाली बांधले गेले. कानशिलं मोकळी झाली. डॉक्टरांनी टेबलावरची उशी उचलून पाहिली, मूठ दाबून पाहिली, भोकातून हात घालून पाहिला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"पानी भरता भरता येते, साब."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी उशी टेबलावर ठेवली, सुंदरबाईचं डोकं तिच्यात अलगद बसवलं आणि उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.

मग सात दिवस. ज्यांनी असे सात दिवस काढले नाहीत त्यांना ते किती मोठे असतात ते कळायचं नाही. दोन्ही डोळे बांधलेले, पाठीवर पडून राहायचं. बोलायचं नाही, चावायचं नाही, खोकायचं नाही, मान हलवून हो-नाही सुद्धा म्हणायचं नाही. अमीनाबी पेज आणि पातळ लापशी चमच्यानं भरवायची, अंग पुसायची, पाय दाबायची. सुंदरबाईच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या होत्या. तिनं आपली एक भाषा केली. खाटेच्या पाटीवर बांगडी एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की भांडं, आणि सलग वाजायला लागली की कंटाळा आला. दोन दिवसांत शेजारच्या साऱ्या खाटांनी ती भाषा उचलली. ओसरीतून चालताना कासारगल्लीतून चालल्यासारखं वाटे, आणि कोणती बांगडी काय म्हणते ते डॉक्टरही अमीनाबीलाच विचारत.

सकाळ-संध्याकाळ रतनसिंग यायचा. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून खणखणीत आवाजात तांड्याची खबर सांगायचा. म्हैस व्याली, पारडी झाली. उकंडराव मध्ये आलेच तर त्यांनाही सांगायचा. सुंदरबाई बांगडी वाजवून ऐकल्याचं कळवायची. सेवालाल भावाच्या पाठीमागं उभा राहायचा आणि जाताना बायकोच्या पायाला हळूच हात लावून जायचा.

पाचव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात कोणीतरी वरणाला मिरचीची फोडणी दिली.

ठसका ओसरीभर पसरला. अमीनाबीच्या नाकाला झोंबलं तेव्हा तिनं आधी सुंदरबाईकडं पाहिलं. तिची छाती वर उचलली गेली होती, तोंड उघडं होतं. शिंक येत होती. अमीनाबीनं झेप घेतली, दोन्ही तळव्यांत तिचे जबडे धरले आणि डोकं चुंबळीत दाबून ठेवलं. शिंक आली. एक, लागोपाठ दुसरी. सगळं अंग उडालं. बांगड्या खळाळल्या.

उकंडराव दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"डोकं हाललं?"

अमीनाबीला "नाई" म्हणता आलं असतं. तिचे हात अजून जबड्यांवरच होते. शिंकेनं डोकं हललं की नुसते आपले हात, हे तिलाच सांगता येत नव्हतं.

"मले ठाऊक नाई," ती म्हणाली.

डॉक्टर आले. पट्टीला बोटही न लावता त्यांनी सांगितलं, "आत्ता उघडलं तर असलेला डोळाही जाईल. सातव्या दिवशीच पाहू."

उकंडराव वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी सातव्या दिवशी गावातली चार प्रतिष्ठित माणसं बोलावलेली होती, आणि घोर लागला की माणसाला कोणावर तरी तो टाकावा लागतो. "मी पैल्याच दिवशी म्हनलं होतं," ते जाता-येता म्हणू लागले. "घुगरी काढली असती तं पट्टी घट्ट बसली असती." अमीनाबी पेज भरवत राहिली. त्या दोन दिवसांत घरी जाताना ती बाजारातून गेली नाही. गफ्फारनं विचारलं तेव्हा म्हणाली, "तिचा डोळा गेला तं मी तिले काय तोंड दाखवू?" आणि मग आपणच काय बोललो ते ध्यानात येऊन रडली.

सातव्या दिवशी सकाळी खिडक्यांना चादरी लावून उजेड कमी केला. प्रतिष्ठित मंडळी भिंतीला लागून उभी राहिली. एकेक पट्टी सुटू लागली. डॉक्टर पापण्या पुसायचे, जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवायचे आणि बोटं दाखवायचे. बोरव्ह्याची एक म्हातारी बोटं मोजायचं सोडून डॉक्टरांनाच म्हणाली, "अरे देवा, तू तं लेकरूच हायेस!" सगळे हसले. उकंडरावही हसले. मग सुंदरबाईची खाट आली.

सेवालालला तिथं उभं राहवेना, तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. रतनसिंग मात्र दारात सगळ्यांच्या पुढं उभा होता, पण आज त्याला शब्द सुचत नव्हता.

अमीनाबीनं सुंदरबाईला उठवून बसवलं, ओढणी तिच्या खांद्यांवर टाकली आणि बाजूला झाली. पट्टी सुटली. डॉक्टरांनी चष्मा ठेवला.

"हं. उघडा. हळूच."

पापणी थरथरली, उघडली. डोळा छताकडं गेला, तिथून डॉक्टरांकडं, तिथून दाराकडं. आणि एकाएकी सुंदरबाईचा हात उठला. तिनं ओढणीचा काठ पकडला, चष्म्यासकट सगळं तोंड छातीपर्यंत झाकून घेतलं आणि ती भिंतीकडं वळली.

"काय झालं? दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "उजेड सहन होत नाही? बाई, काही तरी दिसलं का?"

डॉक्टरांनी उचललेली तीन बोटं हळूहळू मिटली. भिंतीजवळच्या मंडळींत कुजबुज झाली. उकंडरावांनी डॉक्टरांकडं पाहिलंच नाही, त्यांनी अमीनाबीकडं पाहिलं.

"गेला," ते पुटपुटले.

अमीनाबीनं खाली पाहिलं. समोर सुंदरबाईचा हात होता, ओढणीचा काठ मुठीत धरलेला. तो हात ती सात दिवस पाहत होती. पाण्याचं भांडं घ्यायचं तरी तो आधी हवेत चाचपायचा. आज तो चाचपला नव्हता. सरळ काठावर गेला होता. आणि ओढणी ओढण्याची ती तऱ्हा अमीनाबीला पाठ होती. गफ्फारचा थोरला भाऊ अंगणात आला की गेली तीस वर्षं तिचा स्वतःचा हात पदराकडं असाच जात होता.

तिनं दाराकडं पाहिलं. मग खाली वाकली.

"माय, दारात कोन हाय?"

सात दिवस न वापरलेला घोगरा आवाज ओढणीखालून आला. "जेठ."

"काहून वळखलं? आज तं बोलले नाईत ते."

"लाल पागोटं हाय." आवाज थांबला. मग आणखी बारीक झाला. "मिशा पांढऱ्याफट झाल्या त्याईच्या."

रतनसिंगचा हात आपोआप मिशीकडं गेला.

डॉक्टर नागपूरचे, त्यांना काही कळेना. पण उकंडरावांना कळलं. "सायेब," ते म्हणाले, "तिनं मोठ्या दिराले पाह्यलं. म्हनून घुंगट घेतला. दिसलं तिले, सायेब!"

"मग सहा वर्षं घेत नव्हत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर रतनसिंगनं दिलं, तेही सुंदरबाईकडं न पाहता, भिंतीकडं तोंड करून. "डोळे गेले त्या साली घुंगटात चुलीवर पडली होती. हात जळाला. मंग मीच तांड्यासमोर सांगतलं, हिले आजपासून माहा पडदा माफ हाय." तो घुटमळला. "सा वर्सं मी हिच्यासमोरून भिंतीसमोरून जावं तसा येत-जात होतो. काई बोलली नाई बिचारी."

घुंगटाचं कौतुक करावं असं अमीनाबीला जन्मात कधी वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात पदराखाली घामानं निथळताना तिनं त्याला शिव्याच दिल्या होत्या. पण माफ केलेली गोष्ट माणूस परत मागून घेतो, तेव्हा ती काय असते ते तिला त्या खाटेशेजारी उभं राहून कळलं. हा डोळा आपण धरून ठेवला, या हातांनी, असं तिला स्पष्ट वाटलं, आणि ते वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

रतनसिंग खाकरला. आत येण्याआधी मोठा दीर सूचना म्हणून खाकरतो तसा. मग तो वळला आणि चालू लागला.

"अहो, निघालात कुठं?" डॉक्टर म्हणाले. "बोटं मोजायची आहेत अजून."

"तुमी मोजा, डाक्टरसाहेब. मले आता तिच्यासमोर उभं राह्यता येत नाई."

पावलं दूर गेल्यावर सुंदरबाईनं ओढणी चार बोटं वर केली. जाड भिंगामागून तिचा मोठा झालेला डोळा डॉक्टरांनी पुन्हा उचललेल्या बोटांवर थांबला.

"तीन," ती म्हणाली.

उकंडरावांनी कोपऱ्यातलं स्टूल स्वतः उचलून आणलं आणि अमीनाबीच्या मागं ठेवलं. ती बसली.

बाहेर पायरीवर सेवालाल उठून उभा राहिल्याचं आतून ऐकू आलं. आठ दिवसांत त्याचा आवाज कोणी नीट ऐकला नव्हता.

"दिसलं का, भाऊ?"

"दिसलं," रतनसिंग म्हणाला. "मले बाहीर काढलं तिनं."

मग बंड्यांजवळ बसलेल्या साऱ्या गावोगावच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं.